फिरत्या घराचे पडदे

वऱ्हाडात घर बांधणाऱ्या जुन्या गवंड्याला मोठ्या खिडकीचे कौतुक नव्हते. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या अमलात, १६९७ च्या सुमारास, मोर्णेच्या काठी उभ्या राहिलेल्या असदगडापासून निघून अकोल्याच्या जुन्या शहरातील गल्लीबोळांतून सावकाश चालत गेले, आणि सिमेंटच्या आक्रमणातून अद्याप बचावलेली जी थोडी धाब्याची घरे आहेत ती जरा थांबून पाहिली, म्हणजे ध्यानात येते की हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, धाब्यावर पसरलेला पांढऱ्या मातीचा थर आणि मस्तकही बाहेर काढता येऊ नये एवढ्या बेताच्या खिडक्या हा सारा बंदोबस्त, वैशाखात पारा ४५ अंशांची मर्यादा सहज ओलांडतो अशा मुलखात राहणाऱ्या माणसांनी सूर्याचा स्वभाव पुरता ओळखून केलेला आहे. दारावर भिजवलेल्या वाळ्याची ताटी, ओसरीवर बुरडाकडून करवून घेतलेला चिकाचा पडदा, आणि दुपारी बारानंतर घरातील वडीलधाऱ्यांचा एकच हुकूम, की दारे-खिडक्या लावून घ्या: उन्हाळ्याचे एवढेच शास्त्र येथील गृहिणीला पिढ्यानुपिढ्या पुरेसे झाले.

अशा गावात कोणी पत्र्याचे, चारी बाजूंनी काचा असलेले आणि भिंतीची जाडी जेमतेम दोन-तीन बोटे असलेले घर चाकांवर आणून उभे करावे, हे वरवर पाहता अविचाराचे वाटेल. परंतु अलीकडे असे प्रकार घडू लागले आहेत खरे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि ज्यांना हॉटेलच्या खोलीपेक्षा स्वतःच्या अंथरुणाची ओढ अधिक अशा काही कुटुंबांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर किंवा मारुतीची ओम्नी घेऊन तिच्यात पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसविण्याचा उद्योग आरंभला. माझ्या एका स्नेह्यांनी अशीच एक वापरलेली ट्रॅव्हलर घेतली, चिखलदऱ्यापासून कोकणापर्यंत हिंडण्याचे मनसुबे रचले, आणि तिच्या खिडक्यांना पडदे करण्याचे काम जुन्या शहरातच, हाताशी असलेल्या कारागिरांच्या मदतीने, स्वतः उभे राहून केले. त्या कामात मी बराच काळ सल्लागाराची, आणि क्वचित सुतळी धरून ठेवणाऱ्या उमेदवाराची भूमिका बजावली. पुढील मजकूर त्या अनुभवातून आणि त्यानिमित्ताने केलेल्या वाचनातून सिद्ध झाला आहे.

चाकांवरच्या घराला पडदा ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. लेकीला सासरी पोचविणाऱ्या दमणीवर तट्ट्याचे छत आणि पुढेमागे लुगड्याचा आडोसा असे. शेगावहून श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघणाऱ्या वारकऱ्यांच्या मालमोटारीही, ताडपत्री बांधली आणि आत पथाऱ्या पडल्या, की महिनाभराची घरेच होतात. पश्चिमेकडे ही हौस विसाव्या शतकाच्या मध्यावर खऱ्या अर्थाने बहरली. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने फोक्सवॅगनच्या गाडीत बसविण्यासाठी १९५१ साली ‘कॅम्पिंग बॉक्स’ नावाचा सरंजाम बाजारात आणला, आणि तेव्हापासून मोटारीच्या खिडकीचा पडदा हा तेथील कारखानदारीचा एक स्वतंत्र विषय होऊन बसला. घडीचे पडदे, गुंडाळीचे पडदे, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ घड्यांचे पडदे असे त्यांचे अनेक प्रकार आहेत. मात्र ते विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण या साऱ्या प्रकरणात माझे म्हणणे एवढेच आहे: थंड देशांतल्या पडद्याने मुख्यतः दोन कामे करावयाची असतात, रात्रीची ऊब आत राखणे आणि परक्याची दृष्टी बाहेर ठेवणे, वऱ्हाडातल्या पडद्याचे पहिले काम भर दुपारी ऊन परतवून लावणे हे आहे, आणि या एका भेदामुळे कापड, रंग, जागा व बांधणी हे सर्वच बदलते.

काचेचा स्वभाव मोठा पक्षपाती आहे. सूर्याचा प्रकाश ती बिनतक्रार आत सोडते. तो प्रकाश आसनावर, गादीवर, जमिनीवर पडून त्याची उष्णता झाली आणि त्या तापलेल्या वस्तू आपल्या परीने उष्णतेचे दीर्घ तरंग बाहेर टाकू लागल्या, की तीच काच त्यांची वाट अडविते. उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या मोटारीच्या आतील तपमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंशांनी चढते ते यामुळे, आणि तापलेली हवा आतच कोंडून राहते म्हणून. आता काचेच्या आत एखादा गर्द निळा किंवा काळा पडदा सोडला तर काय होते? डोळ्यांना गारवा वाटतो, परंतु ऊन काच ओलांडून आत आलेलेच असते, ते पडद्यात शोषले जाते, पडदा तापतो आणि खोलीतली हवा तापवीत बसतो. ऊन काचेच्या बाहेरच अडविणे हा सर्वोत्तम उपाय, आणि आपल्या ओसरीवरचा चिक नेमके तेच करीत आला आहे. ते शक्य नसेल तर आत आलेले ऊन उष्णतेत रूपांतरित होण्यापूर्वी, प्रकाशाच्याच रूपात, आल्या वाटेने परत धाडले पाहिजे. म्हणून आतल्या पडद्याची काचेकडील बाजू चकचकीत किंवा निदान पांढरीशुभ्र हवी. पत्र्याच्या शेडखाली लावण्यासाठी बुडबुड्यांच्या थरावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चढविलेले जे अस्तर बाजारात वाराने मिळते, ते येथे फार उपयोगी पडते, कारण चकचकीत ॲल्युमिनियम अंगावर आलेल्या प्रारणाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परतवून लावते.

याबरोबरच सूर्य कोठे असतो याचाही हिशेब करावा लागतो, आणि तो युरोपातल्या पुस्तकांतून उचलून चालत नाही. अकोला विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २०.७ अंशांवर आहे. यामुळे मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला नवतपा म्हणतात तो लागण्याच्या सुमारास, सूर्य मध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. त्या वेळी गाडीच्या बाजूच्या उभ्या काचांवर थेट ऊन जवळजवळ पडतच नाही. सगळा मारा छपरावर होतो, आणि त्यावर कोणत्याही पडद्याचा इलाज चालत नाही. काचांची खरी परीक्षा सकाळी आणि त्याहून अधिक दुपारी तीननंतर असते, जेव्हा हवा आधीच भट्टीसारखी झालेली असते आणि ऊन पश्चिमेकडून तिरपे आत शिरते. सबब, मुक्कामाच्या ठिकाणी गाडी उभी करताना तिचे तोंड पूर्वेला व पाठ पश्चिमेला करावी, म्हणजे लांबीच्या दोन्ही बाजू उत्तर-दक्षिण राहून त्यांच्या काचा बहुतांशी सावलीत राहतात, सकाळचे ऊन पुढच्या मोठ्या काचेतून येते तेव्हा हवा अजून सोसवेल अशी असते, आणि दुपारच्या उन्हाला तोंड द्यावयाला मागच्या दरवाजाच्या लहान काचा तेवढ्या उरतात. पैसा खर्च न करता होणारा एवढा मोठा फायदा या संबंध विषयात दुसरा नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मापे घेण्यासाठी टेप पुरेसा नाही, कारण मोटारीची खिडकी चौकोनी भासली तरी तिचे कोपरे गोलावलेले असतात आणि भिंत वर जाताना आत झुकलेली असते. आम्ही ‘देशोन्नती’चे जुने अंक घेतले, दोन-दोन पाने डिंकाने जोडली, ती खिडकीच्या खोबणीत धरून रबरी बीडिंगच्या कडेकडेने अंगठ्याने दाबत गेलो, आणि उमटलेल्या वळीवरून खडूने रेघ ओढली. अशा रीतीने प्रत्येक खिडकीचा स्वतंत्र नमुना कातरावा, तो पुन्हा खोबणीत बसवून पाहावा, आणि त्यावर तीन गोष्टी लगेच लिहून ठेवाव्यात: कोणत्या बाजूची कितवी खिडकी, वरची कड कोणती, आणि काचेकडील अंग कोणते. ही शेवटची नोंद क्षुल्लक वाटते. पण नमुना उलटा पडला की चकचकीत बाजू आत येते आणि कापड वाया जाते. आमचे काम ज्यांच्याकडे होते ते सीट-कव्हरे शिवण्यात केस पिकलेले कारागीर, एका बाजूचे नमुने उलटवून दुसऱ्या बाजूला वापरण्याची सूचना माझ्या स्नेह्यांनी करताच त्यांनी मशीन थांबविले आणि म्हणाले, “भाऊ, डाव्या अन् उजव्या खिडक्या सख्ख्या बहिनी वाटतात, पन मोजाले घ्या, एकीचं माप दुसरीले लागत नाई.” मोजून पाहिले, तर सरकत्या दाराच्या बाजूची खिडकी बोटभर आखूड निघाली.

नमुन्यापेक्षा पडदा सर्व बाजूंनी अर्धा सेंटिमीटर मोठा कापावा, म्हणजे तो खोबणीत किंचित दाबून बसतो आणि कडेच्या फटीतून उन्हाच्या तिरिपी आत येत नाहीत. थर तीन: बाहेरच्या अंगाला ते चकचकीत अस्तर, मध्ये पिंजलेल्या कापसाची पातळ लाद, आणि आतल्या अंगाला मांजरपाट किंवा जाड खादी. कापसाच्या जागी पॅकिंगसाठी वापरतात तो पांढरा फोमही चालतो, आणि पावसाळ्याचा विचार करता तो अधिक शहाणपणाचा. कारण कापूस ओल धरून ठेवतो आणि श्रावणात त्याला बुरशीचा वास येऊ लागतो. तरीही, ज्या गावाची पेठ कापसावर वाढली, आगगाडी कापसासाठी आली आणि जेथे सावतराम मिलचा भोंगा कित्येक वर्षे घड्याळाचे काम करीत होता, त्या गावात पडद्यात कापूस भरू नका असे सांगताना माझी जीभ जरा अडखळते. सुती कापड कापण्यापूर्वी पाण्यातून काढून वाळवून घ्यावे, नाही तर पहिल्या धुण्यातच पडदा आटून खोबणीतून सुटतो. शिवण घालताना टाका लांब ठेवावा. बारीक टाक्याने ॲल्युमिनियमचा पापुद्रा सलग भोके पडून त्याच रेषेवर फाटतो. कडेला सर्वत्र सुती पट्टीचा गोट लावावा, आणि वरच्या गोटात एक बंद शिवून ठेवावा, म्हणजे पडदा काढताना नखांनी खरवडावे लागत नाही.

पडदा तयार होणे सोपे. तो टिकवून धरणे कठीण. येथे अकोल्याची हवा आपला वेगळा न्याय करते. काचेला चिकटणाऱ्या रबरी वाट्या उन्हाने कडक होऊन एकेक करून गळून पडतात. पाठीला गोंद असलेली वेल्क्रोची पट्टी हिवाळ्यात उत्तम धरते, परंतु उन्हात तापलेल्या पत्र्यावर तिचा गोंद मऊ पडतो, पट्टी सरकते आणि मागे काळा चिकट ओघळ ठेवून जाते. त्यातून, तिच्या आकड्यांत आपल्या काळ्या मातीची धूळ आणि कापसाची तूस भरली, की ती पकडही सोडते. वेल्क्रो वापरावयाचीच असेल तर मऊ भाग कापडावर शिवावा आणि आकड्यांचा भाग चौकटीवर लहान पेचांनी आवळावा. लोहचुंबकाची युक्ती फार सुटसुटीत आहे, पडदा नेला की आपोआप बसतो. मात्र चुंबक केवळ लोखंडी पत्र्याला धरतो, आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराला नाही, आणि बाजारातले नेहमीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे आपले बळ कायमचे गमावू लागतात, तेव्हा पुढच्या काचेखाली, जेथे ऊन थेट ओतले जाते, तेथे त्यांच्यावर विसंबू नये. सारासार विचार करता आम्ही टिचबटणे पसंत केली: मालमोटारीच्या ताडपत्रीला व छताच्या कापडाला लावतात तीच, पितळेची, एक भाग कापडात ठोकलेला आणि दुसरा चौकटीत पेचाने बसविलेला. खिडकीला सहा पुरतात. त्यांना ना ऊन बाधते ना धूळ, आणि एखादे बिघडले तर कोणत्याही गावच्या कुशनवाल्याकडे दुसरे मिळते.

पेच बसविण्यासाठी पत्र्याला भोक पाडताना घाई करू नये. आधुनिक मोटारीच्या खांबांतून विजेच्या तारा जातात, आसनपट्ट्यांचे आधार तेथेच असतात, आणि काही गाड्यांत छताच्या कडेला हवेच्या पिशव्या दडविलेल्या असतात. तेव्हा आतले अस्तर एकदा सैल करून मागे काय आहे हे डोळ्यांनी पाहावे, मगच खूण करावी. ड्रिलच्या पात्याला टोकापासून नखभर अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की ते त्याहून खोल जात नाही. भोकाची कड कानशीने साफ करून तिला रेडऑक्साईडचे बोट लावावे, नाही तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाला सुरुवात होते. गाडी भाड्याची किंवा नव्या हमीतली असेल, तर भोक पाडण्याचा विचारच सोडावा आणि खोबणीत दाबून बसणाऱ्या ताठ पडद्यावर समाधान मानावे.

ज्यांना दिवसा पडदा सरकवता यावा असे वाटते त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचे वेष्टण असलेली स्प्रिंगची तार हा घरगुती उपाय आहेच. परंतु भिंत आत झुकलेली असल्याने वरच्या एका तारेवर सोडलेला पडदा काचेपासून दूर लोंबतो आणि वळणावर झोके घेतो, म्हणून खालीही तार हवी. दांड्यावर गुंडाळला जाणारा पडदा ओढताच हवा तेथे थांबतो आणि झटका देताच वर जातो, ती स्प्रिंगची हिकमत अमेरिकेत स्ट्युअर्ट हार्टशोर्न याने १८६४ साली पेटंट केली. घराच्या सरळ भिंतीवर ती अप्रतिम, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर तितकीच खडखडाट करणारी. मी तिची शिफारस करणार नाही.

मात्र मुक्काम दोन-चार दिवसांचा असेल, तर आतल्या पडद्यांवर न थांबता बाहेर चिक सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. बुरडांकडे बांबूच्या बारीक कांब्यांचा चिक आपल्या मापाने करून मिळतो. तो छतावरच्या कॅरिअरला दोन दोऱ्यांनी बांधून पश्चिमेच्या काचेपासून वीतभर अंतर राखून सोडला, की ऊन काचेपर्यंत पोचतच नाही आणि मधल्या पोकळीतून वारा खेळतो. जुन्या आगगाडीच्या डब्यांना काचेखेरीज लाकडी पट्ट्यांची जी झडप असे, तिची करामतही हीच होती: ऊन बाहेर आणि वारा आत. चिकावर वाळ्याची जुडी बांधून पाणी शिंपडले तर, मे महिन्याची हवा कोरडीठाक असल्याने पाणी भराभर वाळते आणि वाळताना उष्णता ओढून घेते. घरोघरचा कूलर याच तत्त्वावर चालतो. पाऊस पडून हवा दमट झाली, की मग वाळ्याचा गंध तेवढा उरतो. आणि काचा संपूर्ण बंद करून तर झोपूच नये; वरची फट डासांच्या जाळीने झाकून उघडी ठेवावी, विशेषतः आत गॅसची शेगडी असेल तेव्हा.

कायद्याचा मजकूर थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील शंभराव्या नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून निदान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी दिलेल्या निर्णयानंतर काळ्या फिल्मचा प्रश्न सर्वांच्याच ओळखीचा झाला. काढता-घालता येणारा पडदा हा त्या दृष्टीनेही सोयीचा. गाडी चालू करण्यापूर्वी पुढच्या काचेचा व चालकाच्या दोन्ही बाजूंचा पडदा काढून घडी करून ठेवावा, मागचे दिसत असावे, आणि संकटकाळी बाहेर पडण्याच्या खिडकीवर पेचाने आवळलेले काहीही असू नये. पडद्यांच्या पलीकडे जाऊन गाडीची अंतर्रचनाच बदलावयाची असेल, तर मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम आणि कॅराव्हॅनसाठीचे एआयएस १२४ हे मानक आडवे येते. त्याची चौकशी परिवहन कार्यालयात आधी करावी, सुताराला बोलावणे नंतर.

सर्व खिडक्यांचे पडदे एकदम करण्याइतका पैसा किंवा सवड नसेल, तर पहिला पडदा पुढच्या काचेचा करावा, कारण ती आकाराने सर्वांत मोठी आणि उताराने बसविलेली असल्यामुळे डोक्यावरच्या उन्हालाही तीच सापडते. मग मागच्या दाराच्या काचा, मग पलंगाजवळच्या. ओट्यामागच्या खिडकीला मात्र कापडी पडदा कधीच करू नये. सुती कापड पेट घेते, कृत्रिम कापड वितळून अंगावर गळते, आणि चालत्या घरात शेगडी व खिडकी यांत हातभरही अंतर नसते. त्या एका खिडकीसाठी टिळक रोडवरच्या एखाद्या पत्रेवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, वर बिजागरी आणि खाली कडी असलेली झडप करून घ्यावी. फोडणीचे तेल उडाले तरी ती ओल्या फडक्याने पुसता येते.